मातीला गेल्यावर पुढे काय? ख्रिस्ती श्रद्धेतल्या पुनरुत्थानाचा अर्थ, सोप्या शब्दांत

ईस्टरच्या पहाटे राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, संगमनेर भागातल्या अनेक गावांत ख्रिस्ती दफनभूमीत उजेड दिसतो. आदल्या दिवशीच कबरींवरचं गवत काढलेलं असतं, चुना मारलेला असतो. अंधार असतानाच बायामाणसं, लेकरंबाळं मेणबत्त्या आणि फुलं घेऊन येतात, गाणी म्हणतात आणि उजाडताना एकमेकांना सांगतात, ‘प्रभू उठला आहे.’ शेजारच्या माणसाला प्रश्न पडतो. सण आहे ना? मग सणाच्या दिवशी सकाळी सकाळी कब्रस्तानात कशाला?

या प्रश्नाचं उत्तर एकाच शब्दात आहे, ते म्हणजे पुनरुत्थान. नाताळ सगळ्यांना माहीत आहे. केक, चांदणी, सांताक्लॉज हे आता शाळाशाळांत पोचलं आहे. पण ख्रिस्ती धर्माचा पाया नाताळात नाही, ईस्टरमध्ये आहे. येशूचा जन्म साजरा करायची रीत चौथ्या शतकात रुळली. त्याच्या उठण्याची आठवण मात्र पहिल्या पिढीपासूनच दर रविवारी होत आली. चर्चची उपासना शनिवारी नसून रविवारी असते, त्याचंही कारण हेच.

सणाची तारीख दरवर्षी का बदलते?

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला, तर २०२६ साली तो ५ एप्रिलला येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा हिशेब आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल याच दरम्यान पडतो. आपल्याकडच्या लोकांना सोपी खूण सांगायची तर होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर ईस्टर येतो. पौर्णिमेशी संबंध असण्याचं कारण असं की, येशूला वधस्तंभावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि तो सण चांद्र पंचांगावर चालतो.

काय घडलं, असं ख्रिस्ती लोक मानतात?

पंतय पिलात हा रोमन सुभेदार इसवी सन २६ ते ३६ या काळात यहुदीया प्रांतावर होता. त्याच्या हुकमावरून यरुशलेम शहराबाहेर येशूला खिळ्यांनी वधस्तंभावर ठोकण्यात आलं. ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना दिली जायची. ती उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दिली जायची, म्हणजे माणूस मरायचाच, शिवाय त्याची अब्रूही जायची. १९६८ साली यरुशलेमजवळ एका कबरीत त्याच काळातलं टाचेचं हाड सापडलं. त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. शिक्षा किती क्रूर होती, ते त्या हाडावरून कळतं.

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस सुरू होणार होता. म्हणून अरिमथाईकर योसेफ नावाच्या माणसाने घाईघाईत मृतदेह खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला आणि तोंडाशी धोंडा लावला. रविवारी पहाटे काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या. धोंडा बाजूला होता आणि आत मृतदेह नव्हता. त्यानंतर येशू अनेकांना जिवंत भेटला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे.

शुक्रवार ते रविवार ‘तिसरा दिवस’ कसा, असंही काही जण विचारतात. आपल्याकडे दहावा मोजताना गेल्याचा दिवसही धरतात. तिथलीही मोजणी तशीच होती. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन.

पुनर्जन्म नव्हे, नुसता अमर आत्माही नव्हे

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. ‘पुनरुत्थान म्हणजे आमच्याकडचा पुनर्जन्मच की,’ असं मातीला आलेले शेजारी सहज बोलून जातात. दोन्ही शब्दांत ‘पुनः’ आहे, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण कल्पना वेगवेगळ्या आहेत.

पुनर्जन्मात जीव एक देह सोडतो आणि दुसरा घेतो, आणि हे चक्र चालू राहतं. त्यातून सुटका म्हणजे मोक्ष. ख्रिस्ती शिकवणीत असं चक्र नाही. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि शेवटी देव त्याच माणसाला, त्याच्या ओळखीसकट, नव्या देहात उठवतो.

दुसरा गैरसमज खुद्द ख्रिस्ती घरांतही आहे. माणूस गेला की आत्मा वर जातो आणि झालं, देहाचं काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. मृत व्यक्ती देवाजवळ आहे, हा विश्वास चर्चमध्ये आहेच. पण चर्चच्या विश्वासांगीकारात दर रविवारी जे म्हटलं जातं, त्यात देहाच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख आहे. देह म्हणजे फेकून द्यायचं टरफल नव्हे. देवाने तो घडवला, आणि तो देव त्याला वाऱ्यावर सोडणार नाही, असा त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट लाजराची. बेथानी गावच्या लाजराला येशूने चौथ्या दिवशी कबरीतून बाहेर बोलावलं, अशी कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पण लाजर पुढे पुन्हा मरणारच होता. त्याला जुनंच आयुष्य परत मिळालं. येशूचं तसं नाही. तो मरणाच्या पलीकडे गेला, पुन्हा न मरण्यासाठी. म्हणून लाजराच्या उठण्याला आणि येशूच्या पुनरुत्थानाला एकाच मापाने मोजत नाहीत.

मुळात हा न्यायाचा प्रश्न होता

पुनरुत्थानाची कल्पना येशूच्या आधीपासून यहुदी लोकांत होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अंतियुख नावाच्या राजाने त्यांच्या धर्मावर बंदी आणली. धर्म सोडायला नकार देणाऱ्यांना हालहाल करून मारलं. तेव्हा लोकांपुढे सवाल उभा राहिला. जे देवासाठी मेले, त्यांचं काय? जुलूम करणारा राजवाड्यात मजेत, आणि खरं बोलणारा मातीत, हाच शेवट का? देव न्यायी असेल तर तो या मेलेल्यांना उठवेल, असं उत्तर पुढे आलं. दानीएलाच्या ग्रंथात आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात ही आशा दिसते.

पण सगळे यहुदी हे मानत नव्हते. परूशी मानायचे. मंदिराचा कारभार हाती असलेले सदूकी मानत नव्हते. ज्यांचं या जगात बरं चाललं आहे त्यांना दुसऱ्या न्यायाची गरज वाटत नाही, असा अर्थ काही अभ्यासक यातून काढतात.

हे लक्षात घेतलं की ईस्टरचा अर्थ उलगडतो. येशूला त्या काळच्या कोर्टाने दोषी ठरवलं, सरकारने मारलं, धर्माच्या पुढाऱ्यांनी संमती दिली. पुनरुत्थान म्हणजे देवाने तो निकाल फिरवला, असं त्याच्या शिष्यांनी सांगितलं. ज्याला तुम्ही गुन्हेगार म्हणून फासावर चढवलं, तोच खरा होता, असा त्यांचा उघड दावा होता. यरुशलेमच्या रस्त्यावर उभं राहून हे बोलणं जिवावर बेतणारं होतं.

पहिल्या साक्षीदार बाया

चारही शुभवर्तमानांत बारीकसारीक फरक आहेत. कबरीवर किती बाया गेल्या, देवदूत एक होता की दोन, याबाबत चौघांचं जुळत नाही. चर्चने हे फरक पुसून टाकले नाहीत, आहेत तसेच ठेवले. पण एका बाबतीत चौघांचंही एकमत आहे. कबर रिकामी आहे हे आधी कळलं ते बायांना, आणि चारही ठिकाणी मग्दालीया मरीयेचं नाव आहे.

त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. लूक तर सरळ लिहितो की बायांनी येऊन सांगितलं, तेव्हा शिष्यांना ती नुसती बडबड वाटली. गोष्ट बनवायचीच असती तर कुणी साक्षीदार म्हणून बायांना पुढे केलं नसतं, असा मुद्दा अभ्यासक नेहमी मांडतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली मरीयेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तिला ‘प्रेषितांची प्रेषिता’ म्हणण्याची परंपरा जुनीच आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट तर आणखी वेगळा आहे. चौथ्या शतकातल्या सगळ्यात जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत ते एका घाबरलेल्या क्षणावर थांबतं. बाया कबरीपासून पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. पुढचा मजकूर नंतर जोडला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पहिल्या ईस्टरची सुरुवात भीतीने झाली. आनंद मागाहून आला.

पुरावा काय?

हा प्रश्न विचारणं गैर नाही. शिष्यांनी मृतदेह चोरला ही शंका तेव्हाच निघाली होती, आणि मत्तयाने ती लिहूनही ठेवली आहे. इतिहासाच्या कसोटीवर काही गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या मानल्या जातात. येशूला वधस्तंभावर मारलं, आणि थोड्याच काळात त्याचे शिष्य तो उठला असं ठामपणे सांगू लागले.

यातली सगळ्यात जुनी लेखी नोंद शुभवर्तमानांतली नाही, पौलाच्या पत्रातली आहे. ग्रीसमधल्या करिंथ या बंदराच्या शहरातल्या मंडळीला त्याने इसवी सन ५५च्या सुमारास पत्र लिहिलं. म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. त्याच्या १५व्या अध्यायात तो साक्षीदारांची यादी देतो. त्यात पेत्र, बारा शिष्य, येशूचा भाऊ याकोब आणि पाचशेहून जास्त लोक आहेत. त्यातले बरेच अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. यादीत शेवटी तो स्वतःचं नाव घालतो. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांना पकडून देणारा माणूस होता.

यापुढे मात्र इतिहास हात टेकतो. मेलेला माणूस उठला की नाही, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ख्रिस्ती विचारवंतांतही यावर वाद आहे. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी पुनरुत्थानाचा अर्थ शिष्यांच्या अंतःकरणात उगवलेला विश्वास असा लावला. इंग्लंडचे बिशप एन. टी. राइट यांनी २००३ सालच्या मोठ्या ग्रंथात ते देहासकट झालेलं उठणंच होतं, असं मांडलं. जगभरातल्या बहुतेक चर्चची शिकवण या दुसऱ्या बाजूची आहे. पौलाचं म्हणणं तर आणखी रोखठोक आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार फुकट, तुमचा विश्वासही फुकट, आणि आमच्यासारखे कीव करण्याजोगे आम्हीच, असा त्याचा सूर आहे.

बी आणि पीक

मग उठलेला देह असतो तरी कसा? हाच प्रश्न कुणी विचारेल, असं पौल करिंथकरांना लिहितो. त्याने उत्तर शेतातलं दिलं. वावरात आपण कणीस पेरत नाही, दाणा पेरतो. दाणा मातीआड जातो आणि वर येतं ते वेगळंच दिसतं. कोंब, पाती, कणीस. पण गव्हातून गहूच येतो, बाजरीतून बाजरीच. वेगळं असूनही ते तेच असतं. माणसाच्या देहाचंही असंच, असं पौल म्हणतो. नाशवंत पेरला जातो, अविनाशी उठतो.

येशूच्या गोष्टींतही हेच दिसतं. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्यासोबत काही कोस चालले, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळखलं. तो बंद दारांआड आला, आणि तरी त्याने भाजलेला मासा खाल्ला. शंका घेणाऱ्या थोमाला त्याने हातांतले खिळ्यांचे व्रण दाखवले. नव्या देहावरही जखमांच्या खुणा राहिल्या होत्या. सोसलेलं दुःख देव पुसून टाकत नाही, त्यालाही मान देतो, असा अर्थ अनेक धर्मगुरू यातून सांगतात.

मराठी मुलखात ही कथा चारशे वर्षांपूर्वीच आली. मूळच्या इंग्लंडमधल्या, १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली ते छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. लोकांच्या कानाला ओवी ओळखीची, म्हणून येशूचा जन्म, मरण आणि उठणं त्यांनी ओवीतच सांगितलं.

दफन का करतात? दहन चालतं का?

दफनाची रीत या आशेतूनच आली. पेरलेलं उगवणार आहे, म्हणून देह मातीत ठेवायचा. पहाटे दफनभूमीत जमण्याची प्रथाही त्यातूनच निघाली. १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावात मोरेव्हियन पंथाचे काही तरुण सूर्योदयापूर्वी दफनभूमीत जाऊन गायले. मिशनऱ्यांबरोबर ही रीत जगभर गेली. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्रीच जागरणाची उपासना असते. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि अंधाऱ्या चर्चमध्ये एकेकाच्या हातातली मेणबत्ती तिच्यावरून पेटत जाते.

दहनाबद्दलही लोक विचारतात. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनावरची बंदी उठवली. जळालेल्या देहाला उठवणं देवाला अवघड नाही, ही त्यामागची भूमिका. २०१६ सालच्या सूचनेप्रमाणे अस्थी मात्र घरात ठेवू नयेत, विखुरू नयेत, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवाव्यात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रीत ठिकाणाठिकाणी वेगळी आहे. गावाकडे अजून दफनच जास्त. म्हणूनच दफनभूमीच्या जागेचा विषय निघाला की ख्रिस्ती कुटुंबं हळवी होतात. त्यांच्यासाठी ती नुसती गायरानातली दोन-चार गुंठे जमीन नसते. आपली माणसं उठण्याची वाट पाहत झोपली आहेत, ती ही जागा.

‘पुनरुत्थानाचं सामर्थ्य’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्दप्रयोग पौलाचाच. हे सामर्थ्य मेल्यावरच कामाला येतं, असं तो म्हणत नाही. आजच्या जगण्यात ते दिसलं पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. ते कुठे दिसतं?

पहिलं, पडलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्यात. येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्राने शेकोटीपाशी तीनदा त्याची ओळख नाकारली. उठलेल्या येशूने सरोवराकाठी, पुन्हा शेकोटीपाशीच, त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला, माझ्यावर प्रीती आहे का? हिशेब मागितला नाही, टोमणा मारला नाही. तीन नकारांच्या जागी तीन होकार घेतले आणि मेंढरं सांभाळायला दिली. दारूत, कर्जात, भांडणात वाया गेलेला माणूसही नव्याने सुरुवात करू शकतो, हे चर्चमध्ये सांगितलं जातं ते याच आधारावर.

दुसरं, दुःखात. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणजे रडायचं नाही, असं नाही. लाजराला उठवणारा येशू आधी त्याच्या कबरीपाशी रडला होता. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं त्याचा सार असा की दुःख करा, पण आशा संपल्यासारखं करू नका. लेकरू गमावलेल्या आईला ‘रडू नको, तो देवाघरी गेला’ असं म्हणून गप्प करणं हे त्या शिकवणीत बसत नाही. तिच्याजवळ बसून रडणं बसतं.

तिसरं, माणसाच्या मानात. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं. पुढच्या काळात गावोगावी ख्रिस्ती झालेल्यांत महार, मांग समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांना सांगण्यात आलं की हा तुमचा देहच देवाला मोलाचा आहे, इतका की तो त्याला मातीतून उठवणार आहे. या शब्दांचं वजन त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल. जात चर्चमध्ये येऊन संपली असं मात्र झालं नाही. चर्चमधले लोकही हे आज उघडपणे कबूल करतात. शिकवण पुढे आहे, माणसं अजून मागे आहेत.

चौथं, कामात. करिंथकरांना लिहिलेल्या त्या १५व्या अध्यायात ५८ वचनं आहेत. मरण, कबर, तुतारी, अविनाशी देह, सगळं सांगून झाल्यावर पौल शेवट करतो तो स्वर्गाच्या वर्णनाने नाही. खंबीर राहा, काम करत राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत, असं तो बजावतो. आणि लगेच पुढच्या अध्यायाची सुरुवात कशाने? वर्गणीने. यरुशलेममधल्या गरीब भाऊबंदांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे रविवार, ज्या दिवशी कबर रिकामी सापडली तो. पौलाला या दोन विषयांत काही अंतर वाटलं नाही.

केडगावची गोष्ट

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना त्यांनी तिथे आणलं, शिकवलं, छापखान्यासह अनेक उद्योगांत कामाला लावलं. पुढे त्यांनी मोठं काम हाती घेतलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर, तेही साध्या बायांना समजेल अशा भाषेत.

१९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईचा सगळा कारभार पुढे तीच चालवणार होती. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, ऐकू कमी येत होतं, तब्येत खचलेली. तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल नंतर तिथल्याच बायांच्या हातांनी छापून निघालं. केडगावचं काम आजही चालू आहे.

ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उभ्या असलेल्या माणसांना विचारलं तर पौलाचा अध्याय सगळ्यांनाच तोंडपाठ असेल असं नाही. एखादी म्हातारी एवढंच सांगेल की हा आमच्यांचा मुक्काम आहे, कायमचं घर नाही. मग ती कबरीवर मेणबत्ती लावेल, दोन फुलं ठेवेल, आणि ऊन वर यायच्या आत घरी जाऊन चूल पेटवेल. पाहुणे यायचे असतात, शेजाऱ्यांना ताटं द्यायची असतात. सणाचा दिवस असतो.